चिंचेच्या पाण्यातले शंख

॥ श्रीमहालक्ष्मी प्रसन्न ॥

मसोली, डहाणू रोड
ता. २७ जानेवारी १९५९

ती. रा. रामनाथदादा यांस,
धाकट्या बहिणीचा, बकुळाचा, शि. सा. न. वि. वि.

इकडे देवीच्या कृपेने सर्व क्षेम. वहिनींच्या गुडघ्याला ओव्याच्या तेलाचा गुण आला का ते कळवावं. आला असल्यास आणखी एक बाटली भरून ठेवली आहे.

दिवाळीत तुम्ही भाच्यांना फटाक्यांऐवजी हातोडी आणि भिंग दिलंत, त्याचे परिणाम कळवण्यासाठी हे पत्र. आत दगड झालेला मासा आहे का बघायला सदूने माझ्या पाट्याचा कोपरा उडवला. रतन वयाने मोठी म्हणून पाटा फोडत नाही, पण तुम्ही दिलेला तो दगडी शिंपला उशाखाली घेऊन झोपते आणि रविवारी वाडीतली सगळी पोरं गोळा करून ओढ्यातले दगड फोडायला नेते. ह्यांचं म्हणणं, मामाने बाहुली दिली असती तर निदान पाटा वाचला असता. मी गप्प बसते, कारण भिंगातून तांदळातले सोंडे फार छान दिसतात.

परवा रविवारी हे चिकूच्या पेट्यांत घालायचं गवत ठरवायला सायवनला हिरूभाऊंकडे निघाले. मुलं लॉरीत चढून बसली, म्हणून मीही गेले. नाहीतर त्या घराचाही पाटा उरला नसता. हिरूभाऊंची भाताची नि नागलीची जमीन तुम्हाला ठाऊकच असेल. यंदा त्यांनी नवी विहीर काढली आहे. त्यांची मुलगी बायजी आमच्या रतनएवढीच. विहिरीतून निघालेल्या दगडांच्या ढिगावर बसून ती खड्यांचे सागरगोटे खेळत होती. दोघींची लगेच गट्टी जमली. रतन दोन डाव हरली, आणि तिसऱ्या डावाला वर उडवलेला खडा झेलायचा सोडून बघतच राहिली. बोराएवढ्या त्या खड्यात एक चिमुकला शंख होता, गोगलगायीचा असतो तसा. बायजीला विचारलं तर ती म्हणाली, तसले पुष्कळ आहेत, गुळगुळीत म्हणून मी तेच निवडते.

मग हिरूभाऊंनी दोघींच्या कमरेला दोर बांधून विहीर वरून दाखवली. वर काळा फत्तर, खाली काळा फत्तर, आणि मधे हातभर जाडीचा राखी पट्टा. शंखाचे खडे त्या पट्ट्यातले. सोनीवहिनी, म्हणजे हिरूभाऊंची बायको, हसून हसून म्हणाल्या की गवताला आलेली माणसं पहिल्यांदाच दगड मागून चाललीत; तरी एक चांगला पाटीएवढा दगड त्यांनी स्वतः लॉरीत चढवून दिला.

आता माझी शंका. काळा फत्तर म्हणजे ज्वालामुखीचा थिजलेला रस, आगीत जीव राहत नाही, म्हणून आपल्या भागात जीवाश्म मिळायचे नाहीत, असं तुम्ही सांगितलं होतंत. पण दादा, घावनं घालताना एक ताटात टाकलं की दुसरं त्यावर पडेपर्यंत मधे वेळ जातो. तेवढ्यात पहिल्यावर माशी बसली, तर ती दुसऱ्याच्या खाली तशीच राहते. (माझ्या घरी नव्हे. पण झालेलं मी पाहिलं आहे.) तसं त्या दोन फत्तरांच्या मधे काही बसलं नसेल का?

उत्तर लवकर द्यावं, रतन रोज पोस्टमनला अडवते. लोभ आहे तो असाच मुरत राहो.

तुमची,
बकुळा

•

पुणे
ता. ४ फेब्रुवारी १९५९

चि. सौ. बकुळा हिस,
रामनाथचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वर्गात वाचून दाखवले. घावनांची उपमा मुलांना इतकी समजली की माझी दहा वर्षांची व्याख्याने फुकट गेली असे वाटले. तुझा तर्क अगदी बरोबर आहे. एक रस थिजला आणि दुसरा यायचा राहिला, की मधल्या काळात तळी साचत, झाडे उगवत, जीव वाढत. देशाच्या इतर भागांत असे मधले थर सापडले आहेत.

पण बकुळा, डहाणू-तलासरीचा तो डोंगरपट्टा मी दोन हिवाळे पायी पालथा घातला आहे. पायाचे साल निघाले, थर काही निघाला नाही. तेव्हा मुलांच्या आशेला फार खतपाणी घालू नकोस. तुमच्या किनाऱ्यावरून चुन्याच्या भट्टीसाठी शिंपल्यांच्या गाड्या आत जातात, आणि विहिरीच्या बांधकामाला चुना लागतोच. ओल्या चुन्यात माखलेला शंख दगडाला असा बसतो की भल्याभल्यांची फसगत होते. मला वाटते, हे तेच असावे.

तरीही मुलांनी शोध थांबवू नये. त्यांना एवढे सांग: विहिरीत उतरायचे नाही. फोडताना दगडावर फडके टाकावे, डोळे वाचतात. जो खडा मिळेल तो कुठला, वरचा की मधल्या पट्ट्यातला, हे चिठ्ठी लावून त्याच वेळी लिहावे. घरी येऊन आठवणीने लिहिलेले मी मानत नाही. आणि दगडाच्या पोटात बसलेला शंख मिळाला तर मला पाठवा. खरा निघाला, तर मी स्वतः येईन आणि आमच्या कॉलेजच्या कपाटात तो शोधणाऱ्याच्या नावासकट ठेवीन.

वहिनी म्हणते, तेलाची बाटली अवश्य पाठव. पाट्याचे पैसे माझ्या नावावर लिहून ठेव.

सदैव तुझ्या भल्याची चिंता करणारा,
रामनाथ

•

मसोली
ता. २२ फेब्रुवारी १९५९

ती. रामनाथमामांस,
रतनचा साष्टांग नमस्कार.

मामा, मी आईला न सांगता लिहिते आहे, पण तिकिटाचे पैसे तिनेच दिले, म्हणजे तिला माहीत असेल.

तुम्ही सांगितलंत तसंच आम्ही केलं. सोनीमामींनी दिलेला दगड अंगणात फडकं टाकून फोडला. मधोमध दोन फाका झाल्या आणि आत शंखच शंख, काही अर्धे वर, काही नुसतं तोंड दिसणारे. चिठ्ठी लावली: सायवन, हिरूमामांची विहीर, मधला पट्टा. सदूने चिठ्ठी उलटी चिकटवली ती मी सुलटी केली.

मग शाळेत प्रदर्शन होतं. मी दगड मांडला. पाहुणे बघायला येण्याआधीच गुरुजींनी तो उचलून मागच्या बाकाखाली ठेवला. म्हणाले, समुद्रावरचे शंख डिंकाने चिकटवून आणलेस. मी नाही म्हटलं. तर ते म्हणाले, तुझे मामा प्रोफेसर आहेत, तेच म्हणतात. आईने तुमचं पत्र कौतुकाने त्यांना वाचायला दिलं होतं. त्यातलं चुन्याचं त्यांनी सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. घावनाचं नाही वाचलं.

बायजीला मी सांगितलं तर ती म्हणाली, आमच्या विहिरीला चुना अजून आलाच नाही, मग शंख काय चालत आले? हे मी गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, आता मैत्रिणीलाही खोटं बोलायला लावतेस.

वार्षिक परीक्षेच्या आत मी वर्गापुढे उभं राहून डिंक लावला असं सांगायचं आहे. नाही सांगितलं तर प्रगतिपुस्तकात वर्तन वाईट असा शेरा येणार. मुली मला डिंकाचा लाडू म्हणतात. रविवारी आता कोणी दगड फोडायला येत नाही, आया सोडत नाहीत.

मामा, मी डिंक लावला नाही. तुम्ही लिहिलंत की घरी येऊन आठवणीने लिहिलेलं मानत नाही, पण हे मानाल ना?

तुमची भाची,
रतन

•

॥ श्रीमहालक्ष्मी प्रसन्न ॥

मसोली
ता. ११ मार्च १९५९

ती. रा. दादांस,
बकुळाचा शि. सा. न. वि. वि.

रतनने तुम्हाला लिहिलं ते मला कळलं होतं. मी अडवलं नाही. लेकीने खोटं बोलू नये म्हणून मी देवापुढे तिला उभी करत आले, आणि आता शाळा तिला उभी करते ती खोटं बोलण्यासाठी. हे म्हणाले, एकदा सांगून टाक नि मोकळी हो, वर्ष वाया जायचं नाही. रतनने मान हलवली. त्यानंतर तिने घरात शब्द काढला नाही.

म्हणून मी ठरवलं की दगड तुमच्याकडेच पाठवायचा. हिरूभाऊंच्या ढिगाचा भराव रस्त्याला पडून गेला आहे, तेव्हा पुरावा म्हणून हाती होता तो एवढाच. पण परगावी जायची वस्तू मळकी कशी पाठवायची? महाशिवरात्रीसाठी देवाची भांडी चिंचेच्या पाण्यात टाकली होती, त्यातच लिंबाच्या साली पिळून दोन्ही फाका बुडवल्या. फस् फस् बुडबुडे आले. मला वाटलं, मळ निघतोय, चांगलंच आहे. पुढे उपास, देवळातला अभिषेक, पारणं, या गडबडीत दगड तिथेच राहिला. काढला तेव्हा भांडी लख्ख झाली होती आणि शंख नव्हते.

दादा, एकही नव्हता. चिंच-लिंबाने चुनखडी विरघळते हे मॅट्रिकला मी स्वतः शिकले होते, गुणही मिळाले होते! रतन आली, तिने पाहिलं आणि एवढंच म्हणाली की आता गुरुजींचं बरोबर ठरलं. रडली असती तर बरं झालं असतं.

मी देव्हाऱ्यापुढे जाऊन बसले. समोर गुढीपाडव्याच्या गाठींचा लाकडी साचा धुऊन पालथा ठेवला होता. त्याच्याकडे बघता बघता एकदम उठले. दगड उन्हात नेला, भिंग लावलं. शंख गेले होते, पण त्यांची घरं जागच्या जागी होती. प्रत्येक ठिकाणी वळत वळत आत गेलेलं भोक. डिंकाने चिकटवलेला शंख निघाला तर खाली सपाट दगड उरेल ना? हा तर दगडाच्या पोटात वस्ती करून होता. माझ्या मूर्खपणानेच माझी लेक खरी ठरली!

पण आत कोण राहत होतं ते दिसायला हवं. साखरेचा पाक ओतायचा विचार केला, मुंग्या येतील म्हणून सोडला. कुंकवाखाली लावायचं मेण होतं, ते पातळ करून भोकांत सोडलं. गार झाल्यावर रतनने कंदिलाचं बर्नर उघडतो तसं पहिलं मेण फिरवून काढायला घेतलं. ते आतच तुटलं. दुसरं तुटलं. तिसऱ्याला सदूने हात घातला. त्याला जे सांगाल त्याच्या उलट करायची खोड आहे हे तुम्ही जाणताच. मी म्हटलं डावीकडे, त्याने फिरवलं उजवीकडे, आणि मेणाचा शंख अलगद बाहेर आला, शेंड्यापर्यंत अख्खा. मग सगळेच तसे काढले. तुटक्यांचं मेण पुन्हा पातळ करून वापरलं, वाया काही गेलं नाही.

आता खरी गोष्ट ऐका. ते मेणाचे शंख मी ताम्हनात मांडले तेव्हा डोळ्यांना काहीतरी खटकलं. आईने आपल्याला शिकवलेलं आठवा: शंखाचा वळ्यांचा शेंडा खाली, तोंड आपल्याकडे. तोंड डावीकडे उघडलं तर डावा शंख, घरोघरी असतो तो. उजवीकडे उघडलं तर उजवा, दक्षिणावर्त, लाखांत एखादा, लक्ष्मीचा. माझ्या ताम्हनातले सगळे उजवे होते! मी घाबरून देवाचा शंख उचलून पुन्हा पाहिला. तो डावाच होता, म्हणजे माझी नजर ठीक होती. मुलांना सूप देऊन किनाऱ्यावर पिटाळलं. सूप भरून लहानमोठे शंख आले, त्यात एकही उजवा नाही.

तेव्हा दादा, तुमचा तो चुनेवाला समुद्रावरून निवडून निवडून नुसते दक्षिणावर्त आणत असेल, तर तो भट्टी कशाला पेटवील? मुंबईला बंगला बांधून बसेल.

दगडाच्या दोन्ही फाका आणि मेणाचे शंख चिकूच्या पेटीत गवतात बसवून रेल्वे पार्सलने पाठवले आहेत. वर चार चिकू ठेवलेत, वहिनींची अगदीच निराशा होऊ नये म्हणून. हिरूभाऊ महालक्ष्मीच्या जत्रेच्या आत विहीर बांधून काढणार आहेत. एकदा दगडी बांध चढला की तो पट्टा पुन्हा कोणाला दिसायचा नाही, आणि परीक्षा त्याच सुमाराला आहे. पुढचं तुम्ही जाणता.

बहिणीवरचा लोभ आता भाचीच्या खाती वळता करावा.

बकुळा

•

पुणे
ता. १७ मार्च १९५९

चि. सौ. बकुळा हिस अनेक आशीर्वाद, चि. रतन हिस त्याहून अधिक.

पेटी पोचली. वहिनीने चिकू म्हणून उघडली आणि वरचे चार काढून झाल्यावर मला हाक मारली, की तुमच्या बहिणीने धोंडे पाठवलेत. मी जेवता जेवता उठलो तो ताटावर परत गेलो नाही.

बकुळा, तो शंख समुद्रातला नाही. गोड्या पाण्यातल्या, तळ्यात राहणाऱ्या गोगलगायीचा आहे. दोन रसांच्या मधल्या थरांत अशाच उलट्या वळणाच्या गोगलगायी मिळतात, त्यांची ओळखच ती. शास्त्रात शेंडा वर धरतात म्हणून आम्ही तिला डावी म्हणतो, तुम्ही पूजेत शेंडा खाली धरता म्हणून तुमची ती उजवी. गोगलगाय एकच, आणि ती तुझ्या ताम्हनात आधी ओळखली गेली. शंख आम्लात विरघळवून पोकळीचा ठसा घेण्याची रीत आमच्याकडेही आहे. फक्त आम्ही ती मुद्दाम करतो.

सायवनच्या रानात त्या काळी तळे होते, त्याच्या काठाला गोगलगायी चरत होत्या, आणि मग पुढचे घावन पडले. मी दोन हिवाळे त्याच्यावरून चालत गेलो.

रतन, तुझे पत्र मी खिशात ठेवले आहे. मी डोळ्यांनी न पाहता "मला वाटते" असे लिहिले आणि त्या वाक्याने तुला खोटी ठरवले. घरी बसून, अंदाजाने लिहिलेले ते माझेच वाक्य होते. तुझी चिठ्ठी मात्र जागेवर लिहिलेली होती. तुझे मी मानतो, माझे रद्द.

गुरुजींना मी पत्र लिहू शकतो, पण पत्रांनी झाले ते पुरे. पाडव्याला मी येतो. हिरूभाऊंना माझा नमस्कार सांगून तोवर बांध न घालण्याची विनंती कर. दोर भक्कम असू दे, माझे वजन वाढले आहे.

भेटीसाठी उतावळा,
रामनाथ

•

॥ श्रीमहालक्ष्मी प्रसन्न ॥

मसोली
ता. २६ एप्रिल १९५९

ती. रा. दादांस,
बकुळाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. राखी चिखलाने माखलेला तुमचा सदरा तीनदा धुतला, डाग गेला नाही. चिंच लावायला आता हात धजत नाही, म्हणून तसाच पाठवते. विहिरीतून वर आल्यावर तुम्ही सोनीवहिनींना सांगितलंत ना, की मागे एका हिवाळ्यात त्यांच्याच बांधावरच्या मोहाखाली बसून तुम्ही भाकरी खाल्ली होती? त्या अजून येईल त्याला ते झाड दाखवतात. म्हणतात, साहेब भाकरी खाऊन पुढे गेले आणि खालून गोगलगायी हसल्या.

तुम्ही गेल्यानंतरचं आता सांगते. गुरुजींना मी घरी जाऊन एवढंच म्हटलं की रतन वर्गापुढे उभी राहायला तयार आहे, पण ते सायवनला, विहिरीच्या काठावर. ते चमकले. पण माणूस हट्टी असला तरी लबाड नाही; येतो म्हणाले. ह्यांनी गवताची लॉरी दिली. हो, ह्यांनीच, मी न मागता. अख्खा वर्ग आणि ज्यांच्या आया सोडत नव्हत्या ती वाडीतली पोरंही आली. बायजीने सगळ्यांना ओळीने काठावर झोपवून पट्टा दाखवला. कोणी जास्त पुढे सरकलं की ती तंगडी ओढायची, गुरुजींचीही ओढली.

मग रतन उभी राहिली. तिच्या हातात तुम्ही विहिरीतून काढून दिलेल्या दगडाचा तुकडा होता. त्यातले शंख तिने या वेळी मुद्दाम विरघळवले होते, भोकांत मेण भरलेलं. ती म्हणाली, मी डिंक लावला की नाही ते मी सांगणार नाही, गुरुजींनीच आतला शंख काढून बघावा. गुरुजींनी चष्मा सावरला आणि फिरवलं. तुटलं. दुसरं घेतलं, तेही तुटलं. तेव्हा रतनने अगदी अदबीने सांगितलं की गुरुजी, उलटं फिरवा.

त्यांनी उलटं फिरवलं. शंख बाहेर आला. तो त्यांनी तळहातावर घेतला. दगडातलं भोक पाहिलं, परत शंख पाहिला. मग वर्गाकडे वळून म्हणाले की चूक माझी होती, मी दगड न बघता पत्र वाचलं. आणि रतनला म्हणाले, आता आम्हाला शिकव. दादा, त्या दिवशी सायवनच्या माळावर जो ठोकाठोकीचा आवाज उठला तो तलासरीपर्यंत गेला असेल. प्रत्येकाच्या दगडावर फडकं, प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी. एका पोराला पानाचा ठसा मिळाला, शिरांसकट. तो वेगळ्या पेटीत पाठवते आहे, वहिनींना आधीच सांगून ठेवावं.

प्रगतिपुस्तक आलं. वर्तनापुढे गुरुजींनी 'सत्यप्रिय' असं लिहिलं आहे. रतन आता पुन्हा इतकी बडबडते की हे कानांत कापूस घालायची धमकी देतात.

विहिरीचा बांध जत्रेआधी पुरा झाला. पण हिरूभाऊंनी गवंड्याला सांगून पट्ट्यापुढे दगड बसवू दिला नाही. दिवा ठेवायला करतात तसा कोनाडा सोडला आहे. काठावरून वाकलं की राखी थर दिसतो. पहिलं पाणी पूजलं तेव्हा बायजी नि रतन या दोघींनी मिळून नारळ वाढवला. तुमच्या कॉलेजच्या कपाटातल्या चिठ्ठीवर दोघींची नावं आहेत हे मी बायजीला वाचून दाखवलं, तर तिने आपल्या नावावर नुसतं बोट फिरवलं. जूनपासून ती रतनच्या शाळेत येणार, राहायला आमच्याकडे. हा विषय हिरूभाऊंनीच काढला. मी आधीच अंथरूण शिवून ठेवलं होतं.

तुम्ही परत दिलेला एक मेणाचा शंख मी देव्हाऱ्यात ठेवला आहे. शास्त्राने डावा म्हणा की काय म्हणा. माझ्या देवघरात तो उजवा आहे आणि त्याला रोज एक फूल मिळतं.

आणि हो. त्या दिवशी विहिरीवर मी सगळ्या वर्गाला खाऊ नेला होता. उन्हाळ्यात करू नयेत हे मला कळतं, तूपही बरंच गेलं, पण डिंकाचेच लाडू नेले. रतनने स्वतः वाटले. पहिला गुरुजींना.

भावाच्या लोभाला उणं पडू नये एवढीच देवीपाशी मागणी.

तुमची,
बकुळा